अँटवर्पच्या पाहुण्यांसाठी सायकल

मुंबईच्या हिरेबाजाराशी ज्या घराण्यांचा संबंध आहे, त्यांना अँटवर्प हे नाव परके नाही. बेल्जियममधील हे बंदराचे शहर कित्येक शतके हिऱ्यांच्या व्यापाराचे केंद्र राहिले आहे. गेल्या शतकाच्या साठच्या दशकापासून मूळच्या पालनपूरच्या जैन कुटुंबांनी तेथे आपली पेढी उभारली आणि हळूहळू बिऱ्हाडही थाटले. शहराच्या दक्षिणेकडील विलरैक या उपनगरात आज शंखेश्वर पार्श्वनाथांचे संगमरवरी जिनालय उभे आहे. मुलगा-सून किंवा मुलगी-जावई तिकडे आणि वडीलधारी मंडळी मुंबईत, अशी स्थिती असलेली घरे समाजात थोडी नाहीत. उन्हाळ्यात ही मंडळी दोन-अडीच महिन्यांसाठी तिकडे जातात. शेंगेन व्हिसावर पर्यटकाला कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहता येते, त्यामुळे मुक्कामाचा हिशेब आधीच ठरलेला असतो.

पहिला आठवडा कौतुकात निघून जातो. त्यानंतर खरी अडचण जाणवू लागते. मुलगा सकाळी पेढीवर जातो, सून नातवंडांच्या शाळेत आणि स्वतःच्या कामात गुंतलेली असते. ज्या व्यक्तीने चाळीस वर्षे पहाटे उठून पायी देरासर गाठले, तिला दर्शनासाठी कोणाची मोटार केव्हा मोकळी होते याची वाट पाहावी लागते. पाहुणचारात काही कमी नसते. पण दिवस स्वतःच्या हातात राहत नाही. “बाबा, शनिवारी नेतो” हे वाक्य प्रेमाने उच्चारलेले असले, तरी आठवड्यातून तीनदा ऐकल्यावर ते मनाला लागते. कित्येक ज्येष्ठांनी तिकीट अलीकडचे करून घेतले, ते याच कारणाने.

या अडचणीवर त्या शहरानेच दिलेला एक सोपा उपाय आहे आणि तो म्हणजे भाड्याची सायकल. हे नाव काढताच घरात पहिला प्रश्न येतो, “या वयात?” आणि दुसरा, न उच्चारलेला प्रश्न असतो प्रतिष्ठेचा. एके काळी पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. पुढे स्कूटर आली, मोटार आली आणि सायकल ही परवडत नाही म्हणून वापरायची वस्तू ठरली. अँटवर्पमध्ये हे समीकरण लागू पडत नाही. तेथे वकील, डॉक्टर, सत्तरीच्या आजीबाई आणि पुढच्या पेटीत दोन मुले बसवून निघालेली आई, सारेच सायकलवर दिसतात. शहर जवळजवळ सपाट आहे. बहुतेक मोठ्या रस्त्यांलगत सायकलींचा वेगळा, बऱ्याच ठिकाणी लालसर रंगाचा मार्ग आहे. चढ नाही, उन्हाचा तडाखा नाही. त्रास झालाच तर वाऱ्याचा आणि पावसाचा होतो.

तरीही हा उपाय सर्वांसाठी नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ज्यांना चक्कर येते, ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत किंवा जे रक्त पातळ ठेवण्याची औषधे घेतात, त्यांच्यासाठी साधे पडणेही साधे राहत नाही. त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून सायकलला हात लावू नये. तेथील ट्राम आणि बसची सेवा उत्तम आहे. इतरांनीही निघण्यापूर्वी महिनाभर मुंबईतच एखाद्या मोकळ्या मैदानात सराव करावा. परीक्षा तीन गोष्टींची आहे. ब्रेक लावून न डगमगता पाय जमिनीला टेकवता येतो का? एक हात सोडून वळण्याची खूण करता येते का? मान वळवून मागे पाहताना सायकल सरळ राहते का? यांपैकी एकही गोष्ट जमत नसेल, तर परक्या शहरातील रस्ता ही ती शिकण्याची जागा नव्हे.

सायकल मिळण्याचे मार्ग दोन. पहिला मार्ग ‘वेलो’ या सार्वजनिक सेवेचा. 2011 मध्ये सुरू झालेल्या या सेवेच्या लाल सायकली शहरभर ठिकठिकाणच्या तळांवर उभ्या असतात. एका दिवसाचा किंवा आठवड्याचा पास मोबाइलवरून घ्यावा, तळावरून सायकल सोडवावी आणि मुक्कामाजवळच्या दुसऱ्या तळावर लावून टाकावी. प्रत्येक फेरीची पहिली 30 मिनिटे पासातच येतात. त्यापुढे वेळेनुसार आकार लागतो. म्हणून लांब जायचे असेल तर अर्ध्या तासाच्या आत वाटेतील एखाद्या तळावर सायकल परत करावी, थोडी विश्रांती घ्यावी आणि दुसरी उचलावी. ज्येष्ठांच्या गुडघ्यांना हा नियम सोयीचाच आहे. दुसरा मार्ग दुकानातून दिवसाच्या किंवा आठवड्याच्या बोलीने सायकल घेण्याचा. दुकानदार उंचीप्रमाणे आसन लावून देतो, कुलूप व शिरस्त्राण देतो, आणि बुटक्या व्यक्तीला पाय टेकवता येईल अशी आडव्या दांड्यावाचूनची सायकल शोधून देतो. पहिल्या आठवड्यात दुकानाची सायकल आणि हात बसल्यावर वेलो, हा क्रम अधिक शहाणपणाचा. आसन चामड्याचे आहे की कृत्रिम, हे विचारण्यात संकोच करू नये.

व्यवहाराची बाजू प्रवासाच्या उत्साहात बहुधा दुर्लक्षित राहते. भारतीय बँकांची नवी कार्डे मुळात देशांतर्गत वापरापुरतीच चालू असतात. परदेशातील वापर खातेदाराने स्वतः चालू करून घ्यावा लागतो. हे काम मुंबईतच उरकावे, नाहीतर तळासमोर उभे राहून बँकेला दूरध्वनी करण्याची वेळ येते. भाड्याच्या वेळी अनामत म्हणून कार्डावर काही रक्कम रोखून धरली जाऊ शकते. ती खर्ची पडलेली नसते, पण तेवढी पत वापरता येत नाही. यंत्राने “रुपयांत की युरोत?” असे विचारल्यास युरोच निवडावे. रुपयांचा पर्याय ओळखीचा वाटतो, पण त्यातील विनिमयाचा दर साधारणपणे ग्राहकाला महाग पडतो. अनामत म्हणून मूळ पासपोर्ट कोणाच्याही हाती देऊ नये, प्रत दाखवावी. सायकल ताब्यात घेताना तिची चारही बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवावीत, म्हणजे जुन्या ओरखड्याचा भुर्दंड नव्या ग्राहकावर पडत नाही. प्रवासविम्याच्या कागदांत सायकल चालवताना झालेली इजा आणि आपल्याकडून दुसऱ्याचे झालेले नुकसान या दोन्ही बाबी समाविष्ट आहेत ना, हे निघण्यापूर्वी वाचावे. विम्याचा कागद अपघातानंतर वाचण्याची आपल्याकडील सवय परदेशात फार महागात जाते.

ब्रेकची गोष्ट वेगळी सांगावी लागेल. भारतात बहुधा उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाला असतो. तिकडे बहुधा तो डाव्या हाताला असतो. घाईत पुढचा ब्रेक जोरात आवळला गेला की स्वार पुढे फेकला जातो. शिवाय काही सायकलींना मागच्या चाकाचा ब्रेक हाताला नसतोच. पायडल उलटे फिरवले की चाक थांबते. आपल्याकडे सिग्नलला उभे राहताना पायडल सहज मागे फिरवून घेण्याची सवय अनेकांना आहे. तसे चालत्या सायकलवर केले तर ती जागच्या जागी थबकते. दुकानाच्या अंगणातच दहा मिनिटे फिरून पाहावे.

तेथे वाहतूक उजव्या बाजूने चालते, हे प्रत्येकाला ठाऊक असते. परंतु ठाऊक असणे आणि अंगवळणी पडणे यांत अंतर आहे. चूक होते ती सरळ रस्त्यावर नव्हे, तर थांबून पुन्हा निघताना. फळे घेतली, सायकलवर बसले आणि जन्माची सवय डावीकडे घेऊन गेली, असे घडते. भारतात आपल्याला उजवे वळण कठीण जाते, तिकडे डावे. त्यासाठी ज्येष्ठांनी एक साधा नियम पाळावा. डावीकडे वळायचे असेल तेव्हा उतरावे, सायकल हाती धरून पादचाऱ्यांच्या पट्ट्यांवरून रस्ता ओलांडावा आणि पुन्हा बसावे. त्यात दोन मिनिटे जातात आणि कोणी हसत नाही. बारीक चौकात फलक नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, हाही तेथील कायदा ध्यानी ठेवावा. ‘फिट्सस्ट्राट’ म्हणजे सायकलींचा रस्ता असे जेथे लिहिलेले असेल, तेथे मोटारीला ताशी 30 किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने जाता येत नाही आणि सायकलस्वाराला ओलांडताही येत नाही. मागे मोटार आली म्हणून तेथे घाबरून फुटपाथवर चढण्याचे कारण नाही. आणखी एक धोका ट्रामच्या रुळांचा. चाक रुळाच्या खाचेत अडकले की पडणे अटळ असते; रूळ नेहमी काटकोनात ओलांडावेत आणि पावसात तर उतरूनच. जुन्या गावभागातील फरसबंदीचे दगडही ओले झाले की निसरडे होतात.

एवढी तयारी झाल्यावर पहिली फेरी विलरैककडच्या बाजूलाच असलेल्या नाख्तेगालेन उद्यानात करावी. डेन ब्रांट, फोगलेनझांग आणि मिडलहाइम अशा तीन जुन्या वाड्यांच्या आवारांचे मिळून हे विस्तीर्ण उद्यान झाले आहे. उंच वृक्षांच्या रांगा, रुंद वाटा आणि मोटारींचा अभाव यांमुळे नवख्याचा हात येथे लवकर बसतो. मिडलहाइमच्या भागात 1950 पासून उघड्या आकाशाखालचे शिल्पसंग्रहालय आहे. रोदाँ, हेन्री मूर यांच्यासारख्या शिल्पकारांची कामे हिरवळीवर मांडलेली आहेत आणि प्रवेश विनामूल्य आहे. सायकल बाहेर कुलूप लावून ठेवावी आणि आत पायी फिरावे. पाऊस पडून गेल्यावर या वाटांवर गोगलगायी मोठ्या संख्येने बाहेर येतात. सायकलखाली जीव येत नाही असे कोणी म्हणू नये. परंतु वेग चालण्याच्या दुप्पट-तिप्पटच असतो, वाट नजरेसमोर असते आणि थांबणे आपल्या हाती असते. मोटारीत बसून जयणा पाळता येत नाही, ती येथे काही अंशी पाळता येते. सर सरून गेल्यावर तासभर थांबून, वाट पाहत पाहत जावे.

दुसरी फेरी अर्थातच जिनालयाची. मध्यवर्ती स्थानकापासून ते सुमारे सहा-सात किलोमीटरवर आहे. विलरैक परिसरातच राहणाऱ्यांना तर अंतर त्याहून पुष्कळ कमी. सावकाश चालवणारा ताशी बारा किलोमीटर जातो असे धरले, तरी शहराच्या मध्यापासून पाऊण तास पुरेसा होतो. पहिल्यांदा घरच्या कोणाला तरी बरोबर घ्यावे आणि रविवारी सकाळी, रस्ते मोकळे असताना, वाट पाहून यावी. छोटा रस्ता आणि सोपा रस्ता हे एक नसतात. मोबाइल बहुधा लांबीने छोटी वाट दाखवतो. ज्येष्ठाला किलोमीटरभर अधिक लांबीची, पण सायकलमार्ग आणि सिग्नल असलेली वाट बरी. पूजेची वस्त्रे पिशवीत घ्यावीत आणि ती पिशवी हँडलला न अडकवता पुढच्या किंवा मागच्या कॅरियरला बांधावी. हँडलला लटकलेली पिशवी चाकाच्या आऱ्यांत जाते, हा अनुभव आपल्याकडे शाळकरी मुलालाही असतो.

हात बसल्यानंतर करावी अशी सर्वांत रम्य सफर शेल्ड नदीच्या पैलतीराची. या शहराचे एक वैशिष्ट्य असे की, एवढी मोठी नदी शेजारून वाहत असूनही शहरात तिच्यावर एकही पूल नाही. उंच जहाजांना बंदराकडे वाट मोकळी राहावी म्हणून लोकांनी नदीखालून जाणे पत्करले. पादचारी व सायकलस्वारांसाठीचा सिंट आना बोगदा 1933 मध्ये खुला झाला. तो 572 मीटर लांब असून सुमारे 31 मीटर खोलीवर आहे. खाली उतरण्यासाठी त्या काळचे लाकडी पायऱ्यांचे सरकते जिने आजही वापरात आहेत. स्थानिक मंडळी सायकल हाती धरून त्यांवर सहज उभी राहतात. ज्येष्ठांनी तो मोह टाळून लिफ्टने उतरावे. जिना पाहायचाच असेल तर सायकलवाचून पुन्हा यावे. लिफ्ट बंद असेल तर त्या दिवशी बेत बदलावा. तिरक्या सरकत्या जिन्यावर जड सायकल तोलून धरणे हे सत्तरीचे काम नव्हे. खाली पांढऱ्या फरशांची सरळ रेषेतली नळी लागते. आत गारवा असतो, टोक दूरवर बिंदूसारखे दिसते आणि डोक्यावरून जहाजे जात आहेत हे मनात आले की पावले आपोआप मंद होतात. पायी चालणारे असल्याने येथे अगदी हळू जावे लागते.

पलीकडे बाहेर पडल्यावर उजवीकडे वळून नदीकाठाने सिंट आनाच्या वाळूच्या किनाऱ्यापर्यंत जाता येते. वाट सपाट आहे आणि बाजूला बाके आहेत. समोर सारे जुने शहर एका ओळीत मांडल्यासारखे दिसते. त्यात सर्वांत उंच आहे तो कॅथेड्रलचा 123 मीटरचा मनोरा आणि काठाशी स्टेन हा मध्ययुगीन किल्ला. समुद्र दूर असूनही येथे भरती-ओहोटी येते आणि पाण्याची पातळी सुमारे पाच मीटरने वर-खाली होते. सकाळी जो काठ चिखलाचा दिसला, तोच दुपारी पाण्याने भरलेला दिसतो. ज्यांनी आयुष्यभर गिरगाव किंवा वाळकेश्वरच्या काठावरून भरती पाहिली, त्यांना नदीची भरती पाहण्यात वेगळाच आनंद वाटतो. या भागात वारा बहुधा नैर्ऋत्येकडून वाहतो. निघतानाच त्याची दिशा पाहावी. दमल्यावर परतीच्या वाटेवर तो तोंडावर येणार असेल तर जाण्याचे अंतर निम्मे करावे. परतीसाठी पादचारी व सायकलस्वारांची नावही आहे. तिची वेळ पाहून गेल्यास बोगद्यात पुन्हा उतरावे लागत नाही.

ज्यांना याहून पुढे जावेसे वाटेल त्यांच्यासाठी बेल्जियमची एक कल्पना फार उपयोगाची आहे. ह्यूगो बोलेन नावाचे खाण-अभियंते होते. कोळशाच्या खाणीत जमिनीखालच्या वाटांच्या छेदांना क्रमांक देऊन दिशा सांगण्याची रीत त्यांनी पाहिली होती. तीच रीत सायकलींच्या वाटांना लावावी, असे त्यांना सुचले. 1995 मध्ये लिम्बुर्ख प्रांतात हे जाळे सुरू झाले आणि पुढे ते देशभर व शेजारच्या देशांतही पसरले. दोन सायकलमार्ग जेथे मिळतात त्या ठिकाणाला क्रमांक असतो आणि प्रत्येक फलकावर पुढच्या क्रमांकाकडे बाण दाखवलेला असतो. घरून निघताना नकाशावरून चार-पाच क्रमांक कागदावर लिहून घ्यायचे आणि एकामागून एक गाठत जायचे. डच भाषेचा एक शब्द येत नसला, मोबाइल बंद पडला, तरी माणूस चुकत नाही. दिवसभराच्या हालचालीची मर्यादा ठरवून देशावकाशिक व्रत घेणाऱ्या श्रावकाला तर ही रचना आपल्यासाठीच केली आहे असे वाटावे. आज अमुक क्रमांकापलीकडे जाणार नाही, असे निश्चित शब्दांत ठरवता येते.

खाण्याच्या बाबतीत मात्र रस्त्यावर भरवसा ठेवू नये. बेल्जियमची तळलेली बटाट्याची कापे जगप्रसिद्ध आहेत. जे कंदमूळ वर्ज्य मानत नाहीत असे आपले काही तरुणही ती निःशंकपणे घेतात. परंतु पारंपरिक पद्धतीत ती गाईबैलांच्या चरबीत तळली जातात, हे अनेकांना माहीत नसते. वाफल या गोड पदार्थात अंडे असते. खाखरा, कोरडी चटणी, थोडा सुका मेवा आणि उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली एवढे कॅरियरला असले की कोणालाही काही विचारावे लागत नाही.

आणि वेळ. जूनअखेरीस तेथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. चौविहार करणाऱ्याला एवढा मोठा दिवस मुंबईत कधी लाभत नाही; संध्याकाळी सहाला निघून नदीकाठी जाऊन, घरी परतून सर्वांबरोबर जेवता येते. सूर्योदयही साडेपाचच्या सुमारासच होतो. ऑगस्टअखेर, पर्युषणाच्या आसपास, सूर्यास्त सुमारे साडेआठवर येतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास मागे घेतली जातात आणि आदल्या दिवशी साडेसहाच्या आत होणारा सूर्यास्त एकाएकी साडेपाचच्या आत येतो. त्या आठवड्यात वाटेतच अंधार गाठतो आणि जेवण राहून जाते. डिसेंबरात तर पावणेपाचपूर्वीच सूर्य मावळतो. त्या दिवसांत तीनला परतीची वाट धरावी. अंधारात पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा कायद्याने आवश्यक आहे. अपघात झाल्यास 112 हा क्रमांक फिरवावा; तो आणि मुलाच्या घरचा पत्ता रोमन लिपीत लिहिलेली चिठ्ठी खिशात असावी.

मुक्काम संपताना दुकानाची सायकल दिवसाउजेडी परत करावी, दुकानदारासमोर ती तपासून घ्यावी आणि अनामत सोडल्याची पावती मागावी. वेलोची सायकल तळावर लावल्यावर ती घट्ट बसली का हे हाताने ओढून पाहावे, कारण अर्धवट बसलेल्या सायकलची वेळ चालूच राहते. रोखलेली रक्कम मोकळी होण्यास काही दिवस लागतात. मुंबईस परतल्यावर पुढच्या महिन्याचे कार्डाचे विवरण येईल, तेव्हा ते एकदा ओळीओळीने तपासावे आणि त्यानंतरच ती पावती फाडावी.